लख्ख टोस्टर

सत्यशीलानं टोस्टरचं झाकण उघडलं तेव्हा सँडविचचा वरचा ब्रेड झाकणाबरोबर वर गेला आणि खालचा खालीच चिकटून राहिला. मधला बटाटा, मिरची, कोथिंबीर, सगळं उघडं पडलं, भर बाजारात धोतर सुटलेल्या माणसासारखं. तिनं लाकडी उलथन्यानं ब्रेड सोडवून पाहिला. सुटेना. खरवडला तसा चुरा निघाला, आणि चुऱ्याखाली पांढरंफटक ॲल्युमिनियम चमकलं.

रविवारपर्यंत ते काळं होतं. काळं आणि गुळगुळीत, ठेवलेली वस्तू आपणहून सरकेल असं.

"अहो, इकडे या जरा."

भीमराज पेपर घेऊनच आला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि टोस्टरमध्ये वाकून पाहिलं.

"म्हातारा झाला," तो म्हणाला. "केस पिकले त्याचे. होते असं एका रात्रीत. फुलसावंगीच्या गाडीवर माहा एक कंडक्टर होता, त्यानं अस्वल पाहिलं अन् यवतमाळ येईपर्यंत त्याच्या मिशा..."

"गोष्ट नका सांगू. भूक लागली मले."

भीमराजनं आयुष्यभर एसटी चालवली. गाडी एखादे वेळी बंद पडली असेल, गोष्ट कधी बंद पडली नाही. जुन्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं बोनेट असायचं, तव्यासारखं तापायचं. त्यावर डबा ठेवला की जेवण गरम राही, एवढं खरं. भीमराजच्या तोंडी त्याच बोनेटवर एका अख्ख्या वऱ्हाडाच्या पोळ्या भाजून निघाल्या होत्या आणि नवरदेवाचा बाप दर थांब्याला अजून दोन मागत होता. म्हणूनच तो निवृत्त झाला तेव्हा डेपोतल्या दोस्तांनी वर्गणी काढून त्याला हा टोस्टर दिला. बोनेटची आठवण.

टोस्टर मात्र झाला सत्यशीलाचा. ती तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीवरून आली की कालची पोळी दुमडायची, आत झुणका किंवा उरलेली वांग्याची भाजी भरायची, झाकण दाबायचं. पातळाचा पदर खोचेपर्यंत जेवण तयार. आता तीही निवृत्त झाली होती, पण सवय गेली नव्हती.

"कुंदाताईनं घासला एवढा," ती म्हणाली. "या वेळेस तारेच्या घासणीनं. त्यायले वाटलं असन, काळं म्हणजे जळलेलं हाय."

"मंग रागावून कोणावर राह्यली?"

"रागावली कुठं मी?"

तिनं उलथनं ओट्यावर असं ठेवलं की डब्यांची झाकणं वाजली. भीमराज पेपरात शिरला.

कुंदाताई म्हणजे शेजारच्या कमलाकररावांची बायको. आर्णी रोडवरच्या या लेआउटमध्ये दोन्ही घरं एकाच वर्षी बांधली गेली आणि मधली कंपाउंडची भिंत दोघांनी मिळून घातली. त्या भिंतीवरून कढीपत्ता इकडे यायचा, मेथी तिकडे जायची. कुंदाताई आजारी पडली तेव्हा सत्यशीला रोज सकाळी भिंतीपलीकडे जाऊन तिला इंजेक्शन देऊन आली होती. रविवारी त्यांचं सिलिंडर संपलं, तेव्हा टोस्टर मागायला कुंदाताई भिंतीशीच आली होती. सिलिंडर आता येईलच म्हणून काल संध्याकाळी तिथूनच परत दिला. सत्यशीलानं देताना गुंडाळला होता त्याच पंच्यात गुंडाळलेला, वायर नीट वळून बांधलेली, वर घरच्या झाडाची चार लिंबं.

"रिकामा कसा देऊ," कुंदाताई म्हणाली होती. "आणि लख्ख करून दिलाय हं, सत्यशीलाताई."

सत्यशीलाला तेव्हा बरं वाटलं होतं. कोणी आपली वस्तू जपली की वाटतं तसं.

ब्रेडचा चुरा एका ताटलीत घेऊन ती बाहेर आली आणि चिमण्यांसाठी भिंतीवर टाकू लागली. पलीकडे कुंदाताईची सून प्राची स्कूटी बाहेर काढत होती. बँकेत जायची तिची वेळ. चुरा पाहून ती थबकली.

"काकू, चिकटलं ना? मला वाटलंच होतं. पूर्ण कोटिंग गेलंय त्याचं."

"जाऊ दे वं. वस्तूच ते."

"नाही हो, मलाच कसंतरी होतंय. मी आईंना सांगत होते, ते काळं म्हणजे मळ नाही, काकूंचा टोस्टर आरशासारखा स्वच्छ आहे, आधी कशाला घासता. पण त्या आणल्या आणल्या घासणी घेऊन..."

प्राची बोलायची थांबली. तोंड तसंच अर्धवट उघडं. मग तिनं हेल्मेट घातलं आणि त्याची काच खाली ओढली.

"मी नवीन आणून देते, काकू," ती काचेआडून म्हणाली, आणि स्कूटी गेली.

सत्यशीला ताटली धरून उभी राहिली. चिमण्या आल्या, चुरा खाऊन उडून गेल्या, तरी ती उभीच.

घासण्याबद्दल तिला कोणी शिकवावं असं काही उरलं नव्हतं. दवाखान्यात तिची सगळी नोकरी हात धुण्यात गेली. पेशंटला हात लावायच्या आधी धुवायचे, लावून झाल्यावर पुन्हा धुवायचे. वापरून झाल्यावर धुतलं तर तो आपला कचरा काढणं झालं. वापरायच्या आधी धुतलं तर तो समोरच्याचा.

तिला रविवार आठवला. दुपारी भिंतीपलीकडून खरखर खरखर आवाज येत होता, थांबायचं नाव नाही. भीमराज खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला होता, "कमलाकररावाची पेन्शन घासून पाहून राह्यल्या वाटते, असली हाय का नकली." ती हसली होती. लोण्यात भाजलेल्या ब्रेडचा वास त्यानंतर आला होता. खूप नंतर.

ती आत आली आणि तिनं फ्रीज उघडला. मग काय काढायचं होतं ते न काढताच लावला. परत उघडला.

"या टोस्टरमंधी आपण कधी अंडं टाकलं?"

भीमराजनं पेपर खाली केला. हा प्रश्न त्याच्या फार जिव्हाळ्याचा होता. अंड्याच्या सँडविचसाठी त्यानं या स्वयंपाकघरात जितक्या विनंत्या केल्या होत्या, तितक्या बदलीसाठी डेपो मॅनेजरला केल्या नव्हत्या.

"तूच टाकू देत नाई," तो म्हणाला. "अर्धं मागतलं तरी नाई."

"काहून नाई देत?"

"कुंदाताई नेते कधीमधी. त्यायच्या घरी चालत नाई."

"त्यायनं सांगतलं होतं का मले?"

"नाई बाप्पा. तुह्याच मनानं."

तिच्याच मनानं. अंड्यासाठी तिनं मागच्या पडवीत वेगळा तवा ठेवला होता, भीमराज पावसाळ्यात छत्री धरून त्यावर आम्लेट करायचा. पुण्याहून मैत्रेयी आली होती, तिनं सकाळी घाईत अंडं फेटून ब्रेडवर ओतलं आणि टोस्टर उघडला, तर सत्यशीलानं लेकीच्या हातातून ताटली हिसकून घेतली होती. मैत्रेयी बघतच राहिली. "आई, आपल्याच घरात आपण कोणाले भिऊन राह्यलो?" सत्यशीला म्हणाली होती, "भिऊन नाई. मान ठेवून."

लेक चहा पिऊन निघून गेली होती.

"आधी घासला त्यायनं," सत्यशीला म्हणाली. "वापरायच्या आधी. प्राचीच्या तोंडून निघालं."

भीमराजनं पेपराची घडी केली. मग त्या घडीची घडी केली.

"तुमाले नवल नाई वाटलं."

त्यानं घडीवरून तळहात फिरवला.

आणि तिला कुंदाताईचा चहा आठवला. कुंदाताई यायची, या खुर्चीत बसायची, तासभर बोलायची. चहा ठेवते म्हटलं की, आत्ताच घेऊन आले हो. दर वेळी आत्ताच. बंद पुड्यातलं बिस्किट चालायचं, केळं चालायचं. भीमराजनं त्यावर एक गोष्ट रचली होती: कुंदाताई आपल्याकडे यायच्या आधी घरी बसून चहाची अख्खी बादली संपवते, म्हणून यवतमाळात दुधाचा भाव चढला, आणि दूधवाल्यांनी तिचा सत्कार ठेवला आहे. पाहुण्यांना तो ती रंगवून सांगे. सत्यशीला दर वेळी पदर तोंडाला लावून हसे. इतकी वर्षं हसली.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली. "चहाचं. सगळंच."

"होतं."

"अन् तुमी त्याची गोष्ट केली."

"माहीत होतं म्हणूनच केली."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्या नजरेवर वऱ्हाडाच्या पोळ्या सहज भाजून निघाल्या असत्या. तो नजर चुकवायला इकडे तिकडे जागा शोधू लागला. या माणसानं अस्वलं, भुतं, तिकीट न काढणारे पुढारी, सगळ्यांना गोष्टीत बसवून घरी आणलं होतं. त्यांच्याबरोबर हेही आणून बसवलं, तिच्या खुर्चीत, आणि तिला हसायला लावलं.

"आता यावर गोष्ट नाई करायची," ती म्हणाली. "टोस्टरवर. कोणाजवळ नाई. एक शब्द नाई."

"नाई करत."

तिनं टोस्टरची पिन लावली. लाल दिवा लागला. फ्रीजमधून तिनं दोन अंडी काढली, मग आणखी दोन. कांदा चिरला, चिरला म्हणजे काय, सूड घेतला. मीठ, तिखट, कोथिंबीर घालून अंडी अशी फेटली की वाटीतला चमचा शेजारच्या लेआउटपर्यंत ऐकू गेला असेल. भीमराज ब्रेडचा पुडा हातात घेऊन बाजूला उभा राहिला. मदत करावी की देवळात उभं राहावं तसं गप राहावं, त्याला कळेना.

फेटलेलं अंडं तिनं तापलेल्या पांढऱ्या पत्र्यावर सरळ ओतलं. तेलाचा थेंब नाही. ते चर्रकन बसलं आणि जागच्या जागी धरलं. त्यावर ब्रेड, ब्रेडवर उरलेलं अंडं. झाकण दाबलं. कडेनं पिवळा फेस बाहेर आला, बिजागरीत गेला, तिथं करपला. वासानं घर भरून गेलं.

झाकण उघडलं तेव्हा निम्मं वर, निम्मं खाली. तिनं मधला जेवढा निघेल तेवढा भाग काढून त्याच्या ताटलीत टाकला. बाकीचं पत्र्याला असं धरून बसलं होतं की छिन्नी लागली असती.

"सत्यशीलाताई, आहात का?"

भिंतीकडून नव्हे, या वेळी आवाज दारातून आला. कुंदाताई जाळीच्या दाराबाहेर उभी होती, केस नुकतेच विंचरलेले.

"बघा ना, सिलिंडर आजही आलं नाही. प्राची डबा न घेताच गेली. यांना दुपारी काहीतरी करून द्यायला हवं. टोस्टर देता का जरा? संध्याकाळी आणून..."

ती बोलता बोलता थांबली. नाकाशी पदर गेला, आणि लगेच खाली आला.

"कसला वास येतोय हो?"

सत्यशीलानं वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंड उघडत होता. त्या तोंडातून आता काय निघेल हे तिला पाठ होतं. रस्त्यावर कोणाचं तरी अंडं फुटलं असेल. वारा पांढरकवड्याकडून वाहतो आहे. तिकडे केळापूरला म्हणे एक कोंबडी आहे, ती... आणि कुंदाताई हसेल, आणि सगळं होतं तिथं जाऊन बसेल.

"अंड्याचा," भीमराज म्हणाला.

नंतर काहीच नाही. फुलसावंगी नाही, कंडक्टर नाही. कुंदाताई त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली, हसायला ओठ तयार ठेवून. ते आलं नाही.

"प्राची काही बोलली का?" तिनं शेवटी विचारलं.

"बोलली," सत्यशीला म्हणाली.

कुंदाताईनं जाळीच्या दारावरची एक काडी नखानं काढली. "आमच्याकडे तसं पहिल्यापासूनच... म्हणजे अंडंबिंडं असतं ना टोस्टरला, म्हणून मी..."

"नव्हतं."

"मला काय माहीत?"

"मले विचारलं असतं."

सत्यशीला आत गेली. टोस्टरची पिन काढली. झाकण लावलं, आतलं अंडं आतच ठेवून. वायर नीट वळून बांधली. पंचा घेतला, तोच, दोन पदरी केला आणि टोस्टर त्यात गुंडाळला. कुंदाताईनं दिलेली चार लिंबं ओट्यावर होती. त्यांतलं एक तिनं वर ठेवलं. रिकामा कसा द्यायचा.

मग जाळीचं दार पायानं ढकलून तिनं ते गाठोडं दोन्ही हातांनी पुढं केलं. कुंदाताईचे हात सवयीनं वर आले.

"न्या कुंदाताई," सत्यशीला म्हणाली. "सांभाळून, गरम हाय. ह्या खेपेले घासायले काहीतरी हाय त्यात."

कुंदाताई ते घेऊन पायरीवर उभी राहिली. पंच्यातून वाफ येत होती. खाली ठेवावं तर वस्तू दुसऱ्याची, परत द्यावं तर समोर दार लागलं होतं. लिंबू घरंगळलं तेव्हा तिनं ते हनुवटीनं थोपवलं, आणि तशीच, मान वाकडी करून, फाटकाबाहेर गेली.

आत सत्यशीला ओट्याला टेकली. हात अंड्यानं चिकट झाले होते, तिनं ते धुतले नाहीत, पदराला पुसले.

"टोस्टर गेला म्हणावं," भीमराज म्हणाला.

"जाऊ द्या."

त्यानं ताटलीतला अंड्याचा तुकडा उचलला. एक बाजू कच्ची, एक करपलेली. इतक्या विनंत्यांनंतरचं पहिलं अंड्याचं सँडविच. तो काहीतरी सांगणार असं त्याच्या भुवयांवरून दिसलं. मग त्यानं तो तुकडा मोडला, अर्धा तिच्या हातात दिला, अर्धा आपल्या तोंडात घातला आणि तोंड बंद केलं.

चावता चावता दोघंही भिंतीकडे कान देऊन होती. पलीकडे नळ सुटला की इथं ऐकू येतो.

अजून सुटला नव्हता.