फ्लेक्सवरचा डावा डोळा

मंगळवार, अकरा मार्च. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा मालवला आणि चौदा महिन्यांच्या मोनाच्या डाव्या डोळ्यात भिंगातून उजेड टाकला. दिवा लावल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"घरात कुणाचा डोळा लहानपणी काढावा लागलाय का?"

क्रांतीनं नवऱ्याकडं बघितलं. धैर्यशीलचा उजवा डोळा नकली आहे, हे समोरच्याला पाच मिनिटांत कळतं.

"ह्यांचा गेलाय. पण तो विटी लागून," ती म्हणाली.

"तेव्हा वय काय होतं?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षांचं पोर विटीदांडू खेळत होतं?"

"खेळणाऱ्यांच्या मधी गेलतो," धैर्यशील म्हणाला. हे वाक्य तो समज आल्यापासून सांगत होता. तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, कागदावर 'वडील: इजा' असं लिहिलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत धैर्यशील इंगवले कुठं राहतात असं विचारलं, तर माणूस डोकं खाजवतो. 'विटी फ्लेक्सवाला' म्हटलं की थेट दुकानाच्या दारात आणून सोडतो. पेठेतल्या प्रत्येक वाढदिवसाचा, निवडीचा, फुटबॉलच्या प्रत्येक जिंकलेल्या सामन्याचा फ्लेक्स त्याच्याकडं होतो. टोपणनावाचा त्याला कधी राग आला नाही. उलट ते नाव होतं म्हणून दुसरं काही कुणी विचारत नव्हतं.

खरी गोष्ट त्याला लग्नाच्या वर्षी कळली. स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा त्याची आई झुंबरबाई हिनं ट्रंकेच्या तळातून मिरजेच्या दवाखान्याचा पिवळा पडलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. विटी वगैरे काही नव्हतं. डोळ्यात गाठ होती, कॅन्सरची. जीव वाचवायला डोळा काढला होता.

"विटी लागली म्हणून पोरगी मिळंल," आई म्हणाली होती. "गाठ म्हटलं की पावणं च्या न पिता उठत्यात. तुजं तूच ठरीव."

त्यानं ठरवलं. कागदाच्या शेवटी एक ओळ होती: याला पुढे मुले झाल्यास त्यांचे डोळे जन्मल्याबरोबर तपासून घ्यावेत. ती ओळ त्यानं दोनदा वाचली आणि कागद होता तसा घडी घालून ट्रंकेत ठेवला. मोना झाली तेव्हा ती ओळ त्याला आठवली नाही, असं म्हणता येणार नाही. आठवली. पण डोळे तपासायचे म्हटलं की क्रांती 'का' म्हणून विचारणार, आणि त्या 'का'चं उत्तर ट्रंकेत होतं.

पुण्यात मोनाला भूल देऊन दोन्ही डोळे तपासले. डाव्या डोळ्यात मोठी गाठ होती, उजव्यात दोन बारीक ठिपके. तिथले डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलायचे.

"आपल्या शरीरात आरबी-वन नावाचा एक जनुक असतो. पेशीनं दुभंगायचं कधी आणि थांबायचं कधी, यावर त्याचा ताबा असतो."

"म्हंजे पंच की," सोबत आलेली झुंबरबाई म्हणाली. पेठेची बाई, सामन्याला जाऊन पंचांना नावं ठेवण्यात तिची हयात गेली होती.

"पंचच, आजी. प्रत्येक पेशीत दोन असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. एक बिघडलेला असला तरी दुसरा काम भागवतो. पण डोळ्याच्या पडद्याच्या एखाद्या पेशीत दुसराही निकामी झाला, की तिला थांब म्हणणारं कुणी उरत नाही. गाठ वाढत जाते. हिच्या दोन्ही डोळ्यांत आहे. म्हणजे एक पंच जन्मापासूनच बिघडलेला असणार." डॉक्टरांनी समोरचा कागद बघितला. "वडिलांना इजा झाली होती ना?"

झुंबरबाईनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. धैर्यशील जमिनीकडं बघत राहिला. आता बोलायला पाहिजे, हे त्याला कळत होतं.

"व्हय," तो म्हणाला.

"ठीक. हिचे जुने फोटो असतील तर आणा, तारखेसकट. फ्लॅश मारलेल्या फोटोत अशा डोळ्याची बाहुली पांढरी दिसते. गाठ साधारण कधीपासून आहे, याचा अंदाज येईल."

क्रांतीचा फोन फेब्रुवारीत पाण्याच्या बादलीत पडला होता. "दुकानातल्या कॉम्प्युटरवर असत्यात," ती म्हणाली. "वाढदिवसाला सगळं तिथं घेतलंतं की."

कोल्हापुरात परतल्यावर ती घरी न जाता थेट दुकानात गेली. सणासुदीला काम वाढलं की तीच फ्लेक्सची अक्षरं बसवायची, त्यामुळं त्याच्या फायली तिला पाठ होत्या. 'मोना पहिला वाढदिवस' ही फाइल तिनं उघडली. बारा बाय आठचा फ्लेक्स, मध्ये मोनाचा गाल भरून हसणारा चेहरा, खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळी'. जानेवारीत तो कोपऱ्यावर नऊ दिवस लागला होता. दोन्ही डोळे काळेभोर.

"मी शोधतो, तू घरला जा," धैर्यशील म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. फोटोच्या वर चढवलेला एक छोटा लेअर, म्हणजे वेगळा थर होता, वाटाण्याएवढा. तिनं तो बंद केला.

मोनाचा डावा डोळा पांढरा झाला. अंधारात मांजराचा चमकावा तसा.

तिनं लेअर पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "ए विटी, रविवारच्या सामन्याचा बोर्ड झाला का रं?" ओरडणारा निघून गेला.

"हे कवा केलंसा?"

"अकरा जानेवारीला."

"दिसलंतं तुमास्नी?"

"फ्लॅशचं वाटलं. लोकांचे डोळे लाल येत्यात, ते आपण रोज काळे करतोच की. हातासरशी केलं."

हे अर्धं खरं होतं. उजव्या बाहुलीचा काळा रंग उचलून त्यानं डावीत भरला, त्याला मिनिटही लागलं नव्हतं. पण भरताना हात एकदा थांबला होता, आणि का थांबला ते त्याला त्याच क्षणी माहीत होतं. लाल डोळे त्यानं हजारो बघितले होते. पांढरा एकही नाही.

"फेब्रुवारीत मी म्हटलं डोळा चकाकतोय, तवा तुमी म्हटलासा, दिव्याचा उजेड हाय."

तेव्हा त्यानं ट्रंकेतल्या कागदाचं सांगितलं. शेवटच्या ओळीसकट. सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता. पडद्यावरचा पांढरा डोळा मात्र त्याच्याकडं बघत होता.

क्रांती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"विटीच्या डोळ्याला मी हो म्हटलं," ती म्हणाली. "गाठीच्या डोळ्याला काय म्हटलं असतं, ते मलाच म्हणू द्यायचं हुतं की. आनि माझं सोडा. पोरीचं?"

त्यानं पुण्याला फोन लावला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कागदाचा फोटो मागवला, रागावले नाहीत. आता त्यालाही दर वर्षी तपासणी करावी लागेल, कारण हा जनुक बिघडलेल्यांना पुढं हाडांच्या वगैरे गाठींचाही धोका असतो, असं ते म्हणाले. क्रांतीनं फोन मागून घेतला.

"जन्मल्या आठवड्यात दाखवलं असतं तर, डॉक्टर?"

"ठिपके लहान असतानाच सापडले असते. कदाचित लेझरवर भागलं असतं. खात्रीनं नाही सांगता येणार."

मोनाचा डावा डोळा सत्तावीस मार्चला काढला. उजव्यासाठी औषधाचे डोस सुरू झाले. क्रांती मोनाला घेऊन माहेरी, गारगोटीला गेली. तिथूनच ती पुण्याला जाते. पहिल्या डोसानंतर धैर्यशील भेटायला गेला, तेव्हा त्याच्या सासऱ्यांनी, म्हणजे केरबांनी, गोठ्यामागं कडब्यावर तो वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरलेला होता. फ्लेक्स उतरवल्यावर त्यानंच तो पाठवून दिला होता.

"काढू का त्यो?" केरबांनी विचारलं.

चहा आला, तो त्यानं घेतला. क्रांती आत मोनाला निजवत होती. ती बाहेर आली नाही.

पेठेत त्याला अजून विटीच म्हणतात. ते चूक आहे, असं त्यानं आतापर्यंत एकालाच सांगितलं, चहाच्या गाड्यावरच्या गुंडूला. गुंडू हसला. "मग काय दांडू म्हणायचं व्हय?"

दुसऱ्या डोसानंतर उजव्या डोळ्यातला मोठा ठिपका आकसला आहे. लहान ठिपका होता तेवढाच आहे. पुढची तपासणी चौदा मे रोजी. जनुक तपासायला पाठवलेले बापलेकीच्या रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचल्याचा मेसेज नऊ एप्रिलला आला. अहवाल अजून आलेला नाही.