बगळ्याच्या चोचीखाली

मित्रांनो, मी एक जुना बगळा आहे. उडणारा नव्हे, फळीचा. बदलापूरजवळच्या चामटोलीच्या पुढे, रस्ता डोंगराकडे वळतो तिथे एक करमणूक बाग आहे. तिच्या दाराशी मी कित्येक वर्षं एका पायावर उभा आहे. माझं काम मुलांची उंची पाहणं. यापलीकडे मला फारसं काही येत नाही, त्यामुळे माझी गोष्ट कुणाला ऐकावीशी वाटेल की नाही याची मला शंकाच आहे. तरी सांगून बघतो.

अंबरनाथच्या एका कारखान्यात हेमचंद्रकाका नावाचे अधिकारी होते. नोकरी संपल्यावर त्यांनी इथे चिकूची वाडी घेतली. आजूबाजूच्या मुलांना सुट्टीत जायला एखादी जागा हवी असं त्यांच्या मनात आलं, म्हणून त्यांनी झोपाळे बांधले, घसरगुंडी केली, डुंबायला उथळ हौद केला आणि मधोमध एक उंच पाळणा उभारला. पाळण्याच्या खुर्चीला पुढे आडवी दांडी होती. फार लहान मूल त्या दांडीखालून निसटलं असतं. तेव्हा कोणाला एकट्याने बसू द्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारं काहीतरी दाराशी हवं होतं. काकांनी गावातल्या सदू सुताराला एक जिराफ करायला सांगितला.

"जिराफ कदी पायलाय मी?" सदू म्हणाला. "बगला करतो. बगल्याची मान काय कमी लांब असते?"

काका हसले आणि फणसाच्या फळीतून मी जन्मलो. माझी चोच म्हणजे एक आडवी पट्टी. मुलानं माझ्या पोटाला पाठ लावून उभं राहायचं. डोकं चोचीला लागलं, तर पाळण्यात एकट्याने बसायची मुभा. तिकीट मात्र सगळ्या मुलांना सारखंच होतं. त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता.

दारावर सदूची बायको बनूबाई बसायची. तिची नजर मुलांच्या डोक्यावर कमी आणि पायांवर जास्त असे, कारण त्या काळची सगळी मुलं एकाच जातीची लबाडी करायची. ती टाचा उचलायची. कुणी चपलेत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबून यायचं, कुणी तेल लावून केसांचा कोंबडा उभा करून यायचं.

"टाचा खाली टेक रं," बनूबाई ओरडायची. "मी केस नाय मोजत, टालकं मोजते."

"मावशी, लागलं ना! बघा ना, लागलं!"

"कुठं लागलं? भाकऱ्या खा जरा. फुडल्या वर्साला ये."

आणि एखाद्याचं डोकं खरोखर लागलं की ती अशी काही आरोळी द्यायची की रांगेतली अनोळखी माणसंही टाळ्या वाजवायची. त्या मुलाचे कान लाल व्हायचे. आई उगाच त्याची कॉलर नीट करायची. मित्रांनो, मी फळीचा तुकडा आहे, पण त्या वेळी माझ्या चोचीला काहीतरी जाणवायचं. काय, ते मला नीट सांगता येत नाही.

बाग चांगली चालायची, पण बाग चालवणं अवघड होत गेलं. पाळण्याचं डिझेल महागलं. विमा, तपासण्या, नवी यंत्रं, विजेची बिलं, एकामागून एक सगळंच वाढत गेलं. काका दाराशी खुर्ची टाकून कागद चाळत बसायचे आणि चष्मा कपाळावर सरकवायचे. तिकीट थोडं वाढवलं की महिनाभर त्यांना अपराध्यासारखं वाटे. शेवटी त्यांचे गुडघे गेले आणि त्यांच्या मुलांनी बाग एका कंपनीला विकली. काकांना मी दोष देत नाही. कंपनीलाही किती द्यावा, मला कळत नाही. तिनेही पैसे ओतले होते. जुना पाळणा गेला. त्या जागी झाडांच्या वर दिसणारा उंच मनोरा आला, त्याचं नाव गगनझेप. माणसं त्यावरून सरळ खाली पडत आणि किंचाळत. पाण्याच्या नळकांड्या आल्या, कृत्रिम लाटा आल्या.

मला मात्र त्यांनी ठेवलं. फक्त गुलाबी रंगवलं, कारण आता मी बगळा नव्हतो, फ्लेमिंगो होतो. आणि माझी चोच उपटून खाली बसवायचं ठरलं. त्यासाठी म्हाताऱ्या सदूलाच बोलावलं.

"खाली कशापायी?" त्यानं विचारलं.

"चोचीच्या वर मोठ्यांचं तिकीट, खाली लहानांचं," कंपनीचे साहेब म्हणाले.

सदूनं खिळे ठोकले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "म्हातारा झालास लेका. मान वाकली."

त्या दिवसापासून माझ्यापुढची मुलं बदलली. पूर्वी टाचा उचलणारी मुलं आता गुडघे वाकवू लागली. आई-बाप रांगेतच कानात सांगत, "मान आत घे. खांदे पाड." हसतखेळत नव्हे, दबक्या आवाजात.

रांगही पूर्वीसारखी राहिली नाही. सुट्टीचा दर वेगळा, शनिवार-रविवारचा वेगळा, गर्दीच्या दिवसाचा त्याहून वेगळा. तिकीट मोबाइलवर आधी काढायचं, वेळ निवडायची, ती वेळ चुकली की बसा. पोहायचे कपडे भाड्याने, सामान ठेवायला कपाट भाड्याने, लवकर नंबर लागावा म्हणून वेगळा पास. बाहेरचं खाणं बंद, म्हणून घरून आणलेले डबे दाराशीच एका टेबलावर ठेवावे लागत. दुपारी त्या टेबलावरून मेथीच्या ठेपल्यांचा नि लिंबाच्या लोणच्याचा वास सुटे. सहलीला आलेली माणसं दाराशीच थकलेली दिसत. "ओटीपी आला का?" "नेटच नाही इथे." "अरे, तू कुठला स्लॉट घेतलास?" असंच सगळं कानावर पडे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बदलापूरच्या बेलवलीतून एक कुटुंब आलं. वडील कल्पेश, आई किर्ती, आजी माई आणि मुलगी राजसी. राजसी तिसरीतून चौथीत गेलेली, हातापायांनी लांबसडक, वर्गात सगळ्यात शेवटच्या बाकावर बसणारी. रांगेत ती एकसारखी मनोऱ्याकडे बघत होती.

"बाबा, गगनझेपमध्ये मी कडेला बसणार हं. वर्गातल्या आर्याला मी सांगून ठेवलंय."

"हो. आधी आत तर जाऊ." कल्पेशच्या शर्टावर घामाने पाठीशी नकाशा काढला होता. त्याने खाली वाकून हळू आवाजात म्हटलं, "घरी सांगितलंय ना, तसं."

किर्तीनं मुलीचा फ्रॉक खाली ओढून सारखा केला. भर उन्हाळ्यात तिला घोट्यापर्यंतचा घेरदार फ्रॉक का घातला होता, ते मला तेव्हा कळलं. आत गुडघे वाकले, तरी बाहेरून दिसायचं नाही.

दाराशी सनी होता. उल्हासनगरचा तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "आ जाओ छोटी, फ्लेमिंगोच्या खाली," तो म्हणाला. राजसी माझ्या पोटाला पाठ लावून उभी राहिली. तिचं अंग थरथरत होतं. केस चोचीच्या जेमतेम खाली राहिले. सनीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या मनगटावर लहानांचा पिवळा पट्टा चढवला. बाकीच्यांना निळे.

"आम्ही यायचो तेव्हा हे पट्टे-बिट्टे काही नव्हतं हो," माई म्हणाली. "चिकूखाली बसून दहीभात खायचो."

"आता चिकू शेक मिळतो, माई," सनी म्हणाला. "आतमध्ये, काउंटरवर."

ती चौघं आत गेली. मला वाटलं, संपलं.

पण ऊन चढल्यावर ती परत दाराशी आली. राजसीचे डोळे सुजलेले होते. कल्पेश पुढे, घाईघाईनं.

"भाऊ, हिला त्या गगनझेपवर बसू देत नाहीयेत."

"पिवळा पट्टा आहे ना, सर. पिवळ्याला तिथं एंट्री नाय."

"पण उंची आहे तिची. बघा ना, दिसतंय."

सनीनं टॅबवर बोट फिरवलं. "सिस्टीममध्ये चाइल्ड आहे. सकाळी मोजली तेव्हा कमी भरली."

मागे रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे भाई, चलो ना! स्लॉट निकल रहा है!" दुसरं कुणी हसलं आणि म्हणालं, "सकाळी छोटी, दुपारी मोठी. काय खातं हो तुमचं पोर?"

सगळेच हसले. कल्पेशचा चेहरा काळवंडला. तेवढ्यात राजसी पुढे आली.

"मीच वाकले होते," ती सनीला म्हणाली. "माझी चप्पल टोचत होती म्हणून. बाबांना माहीत नव्हतं."

कल्पेशनं मुलीकडे पाहिलं. तो आता बोलेल, असं मला वाटलं. तो बोलला नाही.

"माझा पट्टा घाल तिला," माईनं हात पुढे केला. "मी काय त्या मनोऱ्यावर चढणारेय? काढ हा."

"निघत नाही तो, माई. कापावा लागतो, आणि कापला की बाद. नवीन घ्यावा लागेल. ऑनस्पॉट रेट, ऑनलाइनपेक्षा जास्त." सनीनं टॅब कल्पेशपुढे धरला.

कल्पेशनं आकडा पाहिला आणि खिशातून मोबाइल काढला. किर्ती त्याच्या कानाशी पुटपुटली, "मग जेवायचं काय? घरी जायला रिक्षा?"

"बघू. काढतो."

"नको बाबा," राजसी म्हणाली. "मला तो तसा आवडलाच नाही. पोटात गोळा येतो. आपण लाटांमध्येच जाऊ."

ती वळली आणि सगळ्यांच्या आधी आत चालू लागली. तिला आता कुणी मोजत नव्हतं. तरी ती खांदे पाडून चालत होती. मित्रांनो, त्या दुपारभर मनोऱ्यावरून किंचाळ्या येत राहिल्या आणि पहिल्यांदाच मला त्यांचा त्रास झाला.

ऊन उतरल्यावर माणसं बाहेर पडू लागली. दाराशी सनी कात्रीनं पट्टे कापत होता. राजसीनं हात पुढे केला तेव्हा कल्पेश मध्येच म्हणाला, "भाऊ, एक मिनिट. मघाशी ती खोटं बोलली. वाकायला मी सांगितलं होतं तिला. सगळ्यांसमोर तिला बोलू दिलं, आणि मी..."

सनीनं कात्री थांबवली. आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "सर, रोज किती जण वाकतात. मला काय दिसत नाही का?"

"मग अडवलं का नाही?"

"अडवायचं नाही, असंच सांगितलंय वरून. पिवळा पट्टा द्यायचा. मुलं आत जाऊन मनोरा बघतात, रडतात. मग पालक परत येतात आणि इथला रेट भरतात. भरतातच." त्यानं राजसीकडे पाहिलं. "नको म्हणणारी ही पहिलीच."

कल्पेशनं त्या पिवळ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "राजू, इथे उभी राहा. बगळ्यापाशी."

"आता कशाला? संपलं ना सगळं."

"मला बघायचंय."

ती माझ्या पोटाला पाठ लावून उभी राहिली आणि सवयीनं तिचे गुडघे वाकले.

"सरळ, बाळा. अगदी सरळ."

चोचीच्या जरा बाजूला होत ती सरळ झाली. हळूहळू, जशी काही परवानगी मिळते आहे की नाही हे चाचपत. माझी चोच तिच्या केसांपाशी थांबली नाही, कपाळाशीही नाही. ती तिच्या भुवईच्या रेषेत आली. सकाळी ती किती वाकून उभी होती, हे मलाही तेव्हाच कळलं.

कल्पेशनं चोचीपासून तिच्या माथ्यापर्यंतच्या जागेवर आपला हात आडवा धरला. हात पुरला नाही.

"एवढं?" तो म्हणाला. "गुडघे दुखले असतील."

"सकाळी दुखले," राजसी म्हणाली. "आता नाही दुखत."

किर्तीनं ओढणी तोंडाला लावली. माईनं टेबलावरचा त्यांचा डबा उचलला, उघडून वास घेतला आणि पुन्हा झाकण लावलं. उन्हानं आतलं अन्न आंबलं होतं. मग ती चौघं रिक्षाच्या दिशेनं गेली. कल्पेशनं राजसीच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. कदाचित खांद्यावर आता काहीच ठेवू नये असं त्याला वाटलं असेल. मला नक्की सांगता यायचं नाही.

मित्रांनो, माझा गुलाबी रंग पावसात उडतो आहे. मला पुन्हा रंगवा, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, की घरात सहलीचं ठरत असेल तेव्हा झेपेल का हे मोठ्यांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर रुसू नका. हे सांगणं मला सोपं आहे, मला कुणी तिकीट विचारत नाही, हेही मला कळतं. म्हणून दुसरी विनंती मोठ्यांना आहे. ज्यांच्या हाती अशा दारांच्या चोची आहेत त्यांना, आणि त्या दारांशी मुलांचे हात धरून उभे राहणाऱ्यांनाही. कुठलीही मौज घेताना वाढत्या मुलाला, तू आज थोडा कमी वाढ, असं सांगायची पाळी येऊ देऊ नका. मुलं ऐकतात. फार ऐकतात.