रसेलचा क्यू

हेप्वर्थांच्या पोरांकडे स्नूकरचा क्यू आला तो एका हाताच्या बदल्यात.

हात रसेलचा. चौदा वर्षांचा होता तो तेव्हा, आणि मेक्सबरोच्या क्लबात त्याच्या तोडीचा खेळणारा दुसरा कुणी नव्हता, मोठ्या माणसांतसुद्धा. बाप क्लिफर्ड दोन्ही पोरांना शाळा सुटली की टेबलावर वाकवायचा. फटका मारताना डोकं हललं की क्यूचा जाड बुंधा पोटरीवर बसायचा. त्या दिवशी रसेलचं डोकं हललं, बापाने आपला क्यू उचलला, आणि पोराने पोटरी वाचवायला हात मध्ये घातला. उजवा. कोपर फुटल्याचा आवाज कर्टिसने ऐकला. तो अकरा वर्षांचा होता, क्यूच्या टोकाला घासायचा खडू हातात धरून शेजारीच उभा.

बापाने आधी क्यू पाहिला. दिव्याखाली धरून, एक डोळा मिटून, सरळ आहे ना म्हणून. मग पोराकडे वळला.

हाड वाकडं जुळलं. त्याच आठवड्यात आईने, मॉरीनने, नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि क्यू पोटमाळ्यावर लपवला. "तू माझ्या पोराचा हात घेतलास, मी तुझा क्यू घेतला. चल, चालू लाग." क्लिफर्डने दाराची काच फोडली, तिचा ओठ फोडला, पण क्यू काही मिळाला नाही. तिने तो रसेलच्या अंथरुणावर ठेवला. "हा तुझा." रसेल दोन दिवस त्याच्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने तो धाकट्याला दिला. म्हणाला, "मी काय करू याचं? कान कोरू?"

त्याला पंचवीस वर्षं झाली. त्या क्यूवर कर्टिस व्यावसायिक झाला. आई गेली. रसेल धाकट्याची गाडी चालवायचा, सँडविच बांधायचा, हॉटेलात पलीकडच्या खाटेवर घोरायचा. वाकडा हात स्टिअरिंगवर बरोबर बसतो, असं तोच हसून सांगायचा.

लोक म्हणतात, सभ्य माणसांचा खेळ. काळं जाकीट, गळ्याला बो, प्रतिस्पर्ध्याने चांगला फटका मारला की टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी टकटक. त्या जाकिटाच्या आत काय काय झाकलेलं असतं ते विचारायला कुणी जात नाही. शंभरातल्या निम्म्यांना बापानेच घडवलेलं असतं, आणि घडवणं म्हणजे काय ते पोटऱ्यांना विचारा.

डॉनकास्टरजवळच्या एका क्रीडाकेंद्रात मानांकन स्पर्धेच्या पात्रता फेऱ्या चालू होत्या. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पडदे लावून आठ टेबलं मांडलेली. टीव्ही नाही, प्रेक्षक मोजके, कुणाची तरी बायको, कुणाचा तरी काका. हंगामातली ही शेवटची स्पर्धा. यानंतर क्रमवारी लागणार, पहिले चौसष्ट जण व्यावसायिक राहणार आणि बाकीच्यांनी गोदामात जाऊन खोकी उचलायची. कर्टिस सहासष्टावा होता. ही एक मॅच मारली की तो आत. हरला की छत्तीसाव्या वर्षी बाहेर, आणि दुसरं काहीही येत नाही.

समोर एमरिस पग, वेल्सचा, बावीस वर्षांचा, गालावर अजून धड दाढी नाही. सकाळी दहाला सुरुवात झाली, नऊ फ्रेमची, म्हणजे नऊ डावांची मॅच, पाच घेईल तो जिंकला. चार फ्रेम झाल्या तेव्हा दोन-दोन होते. पंचाने पंधरा मिनिटांचं मध्यंतर दिलं आणि बजावलं, "उशीर झाला तर फ्रेम जाईल."

कर्टिसने क्यूची जोडणी सोडवली, दोन्ही तुकडे पुसून पेटीत ठेवले आणि पेटी बगलेत घेतली. ती तो कधीच मागे ठेवायचा नाही, संडासातसुद्धा न्यायचा. सँडविच खायला तो गाडीकडे निघाला.

कार पार्कात रसेल गाडीच्या तोंडाशी उभा होता. त्याच्यापुढे एक रुंद म्हातारा, टक्कल, खांदे अजून बैलासारखे. अकरा वर्षांत पाहिला नव्हता तरी कर्टिसने त्याला मानेवरून ओळखलं.

"क्लिफ, मॅच चालू आहे. घरी जा," रसेल सांगत होता.

"क्लिफ? बाप आहे मी तुझा."

"असशील की. त्याची पावती आहे माझ्याकडे, ही बघ." रसेलने वाकडं कोपर त्याच्या नाकासमोर धरलं.

"मला माझा क्यू पाहिजे. साठीपुढच्यांच्या स्पर्धेत नाव घातलंय मी. पंचवीस वर्षं त्या बयेने दाबून ठेवला, आता बास."

"तिला बया म्हणू नकोस."

"बया होती ती. आणि तू तिचा नोकर, आता याचा नोकर. सँडविच बांधतोस ना रे?"

क्लिफर्डची नजर कर्टिसवर गेली. मग पेटीवर. तो सरळ पेटीकडे निघाला तसा रसेल मध्ये आला, आणि म्हाताऱ्याने कसलीही सूचना न देता त्याच्या कानाखाली ठोसा हाणला. रसेल बॉनेटवर आडवा पडला. उठतोय तोवर दुसरा बसला, नाकावर. क्लिफर्डने त्याचे केस पकडले आणि डोकं गाडीच्या दाराच्या कडेवर आदळलं. एकदा.

"कर्टिस!" रसेल ओरडला.

कर्टिस धावला. गाडीकडेच धावला. पण त्या दोघांना वळसा घालून तो मागे गेला. डिकी उघडी होती, रसेल चहाचा थर्मास काढत होता ना. त्याने पेटी आत ठेवली. थर्मास बाजूला सरकवला, तो लवंडून पेटीवर पडू नये म्हणून. घोंगडी ओढून पेटीवर घातली. गाडी पुढून हादरत होती, प्रत्येक आदळण्याला घोंगडीखाली पेटी थोडी सरकत होती. त्याने ती पुन्हा नीट केली. मग डिकीचं झाकण खाली घेतलं, आणि आपटलं नाही, दोन्ही तळव्यांनी हळूच दाबून लावलं. खट्.

तेवढ्यात रसेलचं डोकं आणखी तीनदा आदळलं होतं.

मग कर्टिस पुढे गेला. बापाच्या गळ्याभोवती मागून हात टाकला, बोटं मुठीत मिटून, बोटांना काही होऊ नये अशा बेताने, आणि त्याला मागे ओढलं. क्लिफर्डने कोपर मागे मारलं, कर्टिसचा ओठ फुटला. दोघंही डांबरावर पडले. कर्टिसने त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक, ती गरज नसताना. दरवाजावरचे दोन रक्षक धावत आले आणि म्हाताऱ्याला धरून फाटकाबाहेर नेलं.

"पोलीस बोलवू का?" एकाने विचारलं.

"नंतर. याची मॅच आहे," रसेल म्हणाला. त्याचा एक डोळा मिटला होता, कानामागून रक्त कॉलरमध्ये उतरत होतं. मग तो भावाला म्हणाला, "जा. चार मिनिटं राहिलीत."

"रस, मी..."

"काय मी?"

"क्यू घेऊन गेला असता तो."

"पेटी तुझ्या हातात होती. ती टाकून दिली असतीस तर काय, रडली असती?" त्याने रक्ताळ थुंकी टाकली. "झाकण किती हळू लावलंस रे. मला तर वाटलं आत बाळ निजलंय."

कर्टिसने डिकी उघडली, पेटी काढली आणि आत गेला.

पंचाने त्याचा ओठ पाहिला, शर्टाच्या बाहीवरचं रक्त पाहिलं. "खेळता येईल?"

"येईल."

पुढच्या दोन फ्रेम पगने नेल्या. चार-दोन. कर्टिस खुर्चीत बसून होता, पेला हातात, आणि पगचा प्रत्येक चेंडू पॉकेटच्या मागच्या भिंतीवर आदळला की त्याला दाराची कडा ऐकू येत होती. मग पग एक सोपा निळा चेंडू चुकला आणि कर्टिस टेबलावर गेला. तिथे त्याला कळलं की आपण शांत आहोत. इतके शांत की त्याचीच त्याला किळस आली. भावाचं रक्त बाहीवर वाळत होतं आणि हात लोण्यासारखा चालत होता. डोकं तसूभरही हलत नव्हतं. पोटऱ्या मात्र आवळल्या होत्या, अजून, पंचवीस वर्षांनीही. चार-तीन. चार-चार.

शेवटच्या फ्रेममध्ये तो अडतीस गुणांनी मागे पडला. टेबलावर दोन लाल आणि सगळे रंग, म्हणजे पार शेवटच्या काळ्यापर्यंत एकही चूक चालणार नाही. त्याने लाल पॉकेटात घातला, काळा, लाल, काळा. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा. गुलाबीनंतर पांढरा चेंडू वाईट थांबला, काळा टेबलाच्या कडेच्या गादीला, कुशनला, चिकटलेला. पग पुढे वाकून बसला. कर्टिस वाकला, आणि बापाचा आवाज आला, हलू नकोस हरामखोरा. तो हलला नाही. काळा कुशन घासत गेला आणि पडला.

पगने हात मिळवला. "सलाम, मित्रा. तोंडाला काय झालं?"

"घरचंच," कर्टिस म्हणाला.

बाहेर ऊन होतं. रसेल गाडीत बसला होता, कानाला टॉवेल लावून.

"जिंकलास?"

"पाच-चार."

"मग राहिलास."

"राहिलो, रस. राहिलो आपण."

"छान." रसेल उतरला. "क्यू दे."

"कशाला?"

"माझा आहे म्हणून."

कर्टिसने पेटी दिली. रसेलने ती बॉनेटवर उघडली, दोन तुकडे एकमेकांत बसवले, वाकड्या हाताने पिळून घट्ट केले. मग तो फाटकाकडे चालू लागला. फाटकाबाहेर बसथांब्याजवळ बुटकी भिंत होती आणि तिच्यावर क्लिफर्ड बसला होता, बरगडी धरून, सिगारेट ओढत. गेला नव्हता. क्यूची वाट बघत बसला होता.

क्यू येताना पाहून तो हसला. उठला, सिगारेट फेकली आणि दोन्ही हात पुढे केले. "आली ना अक्कल ठिकाणावर?"

रसेलने बारीक टोक दोन्ही हातांनी धरलं आणि बुंधा फिरवला.

क्लिफर्डने हात मध्ये घातला. उजवा. तो आवाज कर्टिसच्या ओळखीचा होता.

"क्यू!" कर्टिस किंचाळला.

रसेल थांबला. मान वळवून भावाकडे बघितलं, त्या एका उघड्या डोळ्याने. कर्टिसला आपल्या तोंडातून काय निघालं ते तेव्हा कळलं. डॅड म्हणाला नव्हता. रस म्हणाला नव्हता. थांब, असंसुद्धा म्हणाला नव्हता.

"ऐकलं मी," रसेल म्हणाला, आणि पुन्हा फिरवला. गुडघ्यावर. क्लिफर्ड भिंतीवरून घसरत फुटपाथवर आला. तिसरा फटका त्याला बसलाच नाही, तो भिंतीवर बसला, मुद्दाम, पूर्ण ताकदीने, आणि जोडणीच्या वर चाळीस वर्षांचं ते लाकूड उभं चिरत गेलं. बुंध्याकडचा तुकडा तुटून गरगरत रस्त्यात पडला.

क्लिफर्ड हात पोटाशी घेऊन कण्हत होता. कोपराखाली हात भलत्याच बाजूला वळला होता. रस्त्यातल्या तुकड्याकडे बघत दातांतून त्याने पहिलं वाक्य काढलं ते हे:

"मोडला का? बघ रे, मोडला का?"

कर्टिस केव्हाच रस्त्यात गुडघ्यावर बसला होता. एक व्हॅन हॉर्न वाजवत त्याला चुकवून गेली. त्याने तुकडा उचलला, बाहीने धूळ पुसली, उजेडाकडे धरला.

रसेलने हातात राहिलेला बारीक टोकाचा तुकडा त्याच्यापुढे टाकला. "बस येईल तुमची. दोघांची," तो म्हणाला, आणि गाडीकडे गेला.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, जोरात आपटल्याचा. मग गाडी सुरू झाली. कर्टिसला मान वर करायची होती. पण तुकडा डोळ्यासमोर धरलेला होता, एक डोळा मिटलेला होता, आणि चीर कुठवर गेली आहे ते अजून बघून व्हायचं होतं.