गाडा खोटं बोलत नाही

मी रेटगाडा बोलतोय. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. ऑगस्टमधली एक सकाळ मी बावीस वर्षं मनात घोळवतोय, आणि इतक्या वेळा हाताळल्यावर ती झिजली असणारच. त्या दिवशी पोरांनी मला आठ वेळा रेटलं की नऊ वेळा? माझा डावा पाय तेव्हाच दुखत होता, की पुढच्या एखाद्या हिवाळ्यात दुखायला लागला? या दुसऱ्या प्रश्नानं तर मला कधीच सोडलं नाही.

मोनोंगाहेला नदीच्या काठी, पोलादाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. गावातल्या बापांनी जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ तुळया जोडून मला उभं केलं. मला चाकं नाहीत. खाली दोन लांब लोखंडी पाय, पुढे छातीच्या उंचीवर पाच जाड गाद्या, आणि मागे माणसाला उभं राहायला आडवा लांब पाट. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातली पाच दांडगी पोरं एकाच वेळी माझ्या गाद्यांवर खांदे आदळायची आणि मला गवतावरून रेटत न्यायची. पाटावर शिट्टी घेऊन उभा असायचा वॉल्ट ड्राबिक.

वॉल्ट बचावाच्या पहिल्या फळीचा कोच. समोरून अंगावर येणारे धिप्पाड गडी छातीवर झेलायचे आणि मागे सारायचे, हे त्या फळीचं काम. टाळ्या मात्र चेंडू घेऊन पळणाऱ्यांना. वॉल्टला त्याचं काही वाटत नसे. सकाळी तो वर्गात भूगोल शिकवायचा आणि दुपारी मैदानावर, माणसानं वाकून कसं उभं राहावं ते. मुख्य कोच आले, हरले, गेले. वॉल्ट आपल्या पाच पोरांना घेऊन तिथेच.

"खाली वाक! नजर वर! पाय थांबले की मेलास!" तो माझ्यावर उभा राहून ओरडायचा.

त्याची परीक्षा सोपी होती. मी सरळ गेलो, तर पाचही जण जीव लावून रेटताहेत. मी एका बाजूला वळलो, तर त्या बाजूचा पोरगा अंग चोरतोय. "पोरं खोटं बोलतील," वॉल्ट म्हणायचा, "गाडा खोटं बोलत नाही." एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही. तो ऐकताना मी सुखावायचो, हे कबूल करतो.

अडुसष्ट सालच्या जुलैत पीट हावराननं मला रंग द्यायचं काढलं. पीट कारखान्यात क्रेन चालवायचा. तोवर मी काळा होतो. त्यानं क्रेनला लावतात तो पिवळाजर्द रंग डबाभर आणला, आणि बरोबर आणला आपला पोरगा लेनी, सतरा वर्षांचा. लेनी पहिल्या फळीत डाव्या टोकाला खेळायचा, म्हणजे माझी पहिली गादी त्याची.

"पायांच्या सांध्यातही घाल रे रंग, वरवर चोपडू नकोस," पीट म्हणाला.

"बाबा, हा गाडा आहे. नवरीमुलगी नाही."

"तुझ्या नवरीपेक्षा जास्त वेळ तू याच्यापाशीच काढणार आहेस. घाल."

लेनी मातीत आडवा झाला आणि माझ्या डाव्या पायाच्या सांध्यात त्यानं ब्रश चांगला रुतवून फिरवला.

ऑगस्ट लागला. दिवसाला दोन वेळा सराव. तेव्हाची रीत तुम्हाला विचित्र वाटेल. सरावात पाणी द्यायचं नाही. पाणी पिणारा पोरगा सामन्यात ढेपाळतो, अशी सगळ्यांची खात्री होती. मिठाच्या गोळ्या तेवढ्या द्यायचे. वॉल्टला त्याच्या कोचनं असंच घडवलं होतं. तो दुष्ट नव्हता. हे मी त्याची बाजू घेऊन सांगतोय की स्वतःची, ते मला कळत नाही.

त्या सकाळी हवा नदीवरच अडून बसली होती. पोरांनी मला रेटलं आणि मी डावीकडे वळलो.

"लेनी!" वॉल्ट ओरडला. "परत!"

पुन्हा मी डावीकडेच.

मधल्या गादीवर ब्रुनो स्कार्पा होता, संघातला विदूषक. तो म्हणाला, "कोच, काल चर्चच्या तळघरात बटाट्याच्या पिरोही किती हाणल्यात? गाडा जड झालाय हो!"

पोरं हसली. वॉल्ट हसला नाही. लेनीच्या तोंडाकडे नीट पाहता यावं म्हणून तो पाटाच्या डाव्या टोकाला सरकला. भरभक्कम माणूस होता. त्याचं सगळं वजन माझ्या डाव्या पायावर आलं आणि मी आणखीच वळलो.

"कोच, मी रेटतोय," लेनी म्हणाला.

"गाडा खोटं बोलत नाही, लेनी. परत!"

असं किती वेळा झालं, ते मी सुरुवातीलाच म्हणालो, मला आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी लेनीनं गादीवर खांदा आदळला नाही, टेकला. मग गुडघे टेकले. मग कपाळ. त्याचं अंग आगीसारखं होतं आणि घाम मुळीच नव्हता. वॉल्टला वाटलं, पोरगा रुसलाय. "ऊठ," तो म्हणाला. दुसऱ्यांदा "ऊठ" म्हणताना त्याचा आवाज बदलला, आणि त्यानं पाटावरून उडी मारली.

लेनी संध्याकाळी दवाखान्यात वारला.

गाव सगळं रडलं, आणि रडून झाल्यावर बोललं. उन्हानं गेला बिचारा; पण शेवटी शेवटी अंग चोरत होता म्हणे. हे बोलणं पीटच्या कानावर गेलं. दफन झाल्यावर चार दिवसांनी तो मैदानावर आला. त्यानं पहिल्या गादीवर हात ठेवला.

"वॉल्ट, मी भांडायला आलेलो नाही. एकच सांग. तो रेटत होता का?"

वॉल्टनं माझ्याकडे पाहिलं. "हो" म्हणणं किती सोपं होतं! पण ज्या एका गोष्टीवर त्यानं आपला सगळा धंदा उभा केला होता, ती त्याला सोडवेना.

"मला माहीत नाही, पीट," तो म्हणाला.

पीट गेला. पुढे तो एकाही सामन्याला आला नाही.

त्याच रविवारी वॉल्टनं एकट्यानं मला पुन्हा काळा रंग दिला. तो पिवळा कुणालाच बघवत नव्हता. त्यानंतर तो माझ्या पाटावर कधीही चढला नाही. बाजूनं चालायचा, आणि पाण्याची बादली स्वतः उचलून आणायचा. आणि ऐका, वर कुणी नसताना मी जवळजवळ सरळ जायला लागलो! दर वर्षी नवी पाच पोरं मला सरळ रेटत न्यायची, आणि दर वेळी वॉल्टचा चेहरा पडायचा. गाडा सरळ जातो, म्हणजे त्या दिवशी खोट लेनीतच होती. मी एक खोटं बोललो असेन, तर ते दर वर्षी नव्यानं बोलत राहिलो.

लेनी गेला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ओहायोतल्या एका कॉलेजनं वॉल्टला बोलावलं. मोठ्या संघाची पहिली फळी. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते. त्यानं नकार कळवला. बायकोनं कारण विचारलं, तर म्हणाला, "पोरांना काय सांगू तिथे? कोण रेटतोय ते कसं ओळखायचं म्हणून सांगू?" हे मी ऐकलेलं नाही, ब्रुनो पुढे कुणालातरी सांगत असताना कानावर आलं.

कारखाना बंद पडला. वॉल्ट निवृत्त झाला. मला बसच्या शेडमागे टाकून दिलं, आणि गवत माझ्या गाद्यांतून वर आलं. ऑगस्ट लागला की सकाळी पहिली गादी दबायची. कुणी नसताना. आधी खांदा, मग कपाळ. ऊन लागून लोखंड हलत असेल, असं मी स्वतःला समजावायचो. पण ऊन पाचही गाद्यांवर सारखंच पडायचं. वर्षातून एकदा वॉल्ट यायचा, पहिल्या गादीपाशी पाण्यानं भरलेला पेला ठेवायचा आणि जायचा.

गेल्या आठवड्यात शाळेनं मला भंगारात काढलं. भंगाराचं आवार आता ब्रुनोचं आहे. त्यानं क्रेननं मला उलटं केलं. बत्तीस वर्षांत मला कुणी उलटं केलं नव्हतं. डाव्या पायाच्या सांध्यावर त्यानं हातोडा घातला, काळ्या रंगाचा पोपडा उडाला आणि पाय कडकन तुटला. ब्रुनो वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग फोनकडे धावला.

वॉल्ट आला. त्यानं पाहिलं, आणि स्वतः जाऊन पीटला घेऊन आला. पीटची छाती आता साथ देत नाही. चार पावलांवर थांबत थांबत तो माझ्यापर्यंत पोचला. बाकी तुटलेली कड नवी, चकाकती होती. पण दोन बोटं खोल एक जुनी चीर होती, आणि ती आतून पिवळीजर्द होती.

पीटनं तिच्यावर अंगठा फिरवला. "क्रेनचा रंग."

"लेनीचा ब्रश," वॉल्ट म्हणाला. "जुलैतच चीर होती. गाडा आपोआप वळत होता, पीट. तू मला एक विचारलं होतंस. उत्तर द्यायला बावीस वर्षं लागली."

"आणि तू वर उभा होतास."

"हो. त्याच्याच बाजूला."

पीटनं चिरेवरचा अंगठा काढला. मग म्हणाला, "ब्रुनो, हा तुकडा मला दे." ब्रुनो पुढे झाला, पण तुकडा वॉल्टनं उचलला. पीटच्या गाडीपर्यंत दोघे बरोबर चालत गेले, पीटला दम लागेल तिथे थांबत.

उद्या मला कापतील आणि वितळवतील. माझी तक्रार नाही. ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणता की हा खोटं बोलत नाही, त्याला एकदा उलटं करून त्याचे पाय बघत जा, एवढंच मागणं. माझं मलाही माझं खोटं कळलं नव्हतं.

आठ वेळा की नऊ, ते अजून आठवत नाही. पण प्रत्येक वेळी लेनी हावरान रेटत होता.