खाली माणूस आहे

"घाल खुंटी," मळेवाला म्हणाला.

थोरल्याला वाटलं, मालक बादली रिकामी करायला सांगतोय. त्यानं रहाट अडवणारी लाकडी खुंटी घातली, चिखल ओतून टाकला आणि मोकळी बादली पुन्हा विहिरीच्या तोंडावर टांगली. खाली सोडणार, तेवढ्यात मळेवाल्यानं दोरावर हात ठेवला.

"राहू दे. आता मी सांगेपर्यंत बादली खाली जाणार नाही."

खालून आरोळी आली, "दादा, सोड बादली! झरा फुटलाय! पाणी घोट्याच्या वर आलं!"

हा आवाज धाकट्या भावाचा. गाव त्याला बेडूक म्हणायचं, कारण त्याचा अर्धा जन्म विहिरीतच गेला होता. थोरला वर रहाटाच्या दांड्याला आणि बेडूक खाली पहार घेऊन, अशी ही जोडी वीस वर्षं चाललेली. दुसरा दांडा ओढायला मळ्यातला ढोल्या नावाचा गडी होता. नावाला शोभेल असं पोट, आणि काळीज मात्र चिमणीचं.

आता विहीर खणणाऱ्यांचा एक नियम असतो. कागदावर कुठं नाही, पण पाळतात सगळे. खाली माणूस असला की दांडा अडवायचा नाही. भांडण असो, दुखणं असो, घरून बाप गेल्याचा सांगावा येवो, आधी खालचा वर घ्यायचा आणि मग काय रडायचं ते रडायचं. थोरल्यानं वीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

"मालक, पाणी वाढतंय," थोरला म्हणाला. "आधी त्याला वर घेऊ, मग बोलू."

"वर आल्यावर तो ऐकतो का कुणाचं? गेली दोन वर्षं काय करतोयस तू? बोलतोच आहेस ना? गप्प उभा राहा." मळेवाला कठड्यावर वाकला. "ए बेडका! ऐकू येतंय का?"

"येतंय मालक! पाणी गोड लागलं हो! चाखून बघितलं मी!"

"उद्या नदीवर जाणार आहेस म्हणे."

खाली पहार कडेला टेकवल्याचा आवाज आला.

"जाणार आहे," बेडूक म्हणाला. "बाप्तिस्मा आहे माझा. पाळकबाबा येणार आहेत सकाळी."

"जाणार नाही म्हण. तो येशूबिशू सोडला म्हण. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण. बादली लगेच खाली येते."

नदीची गोष्ट मळेवाल्याला थोरल्यानंच सांगितली होती, कालच. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता, की काकानं एकदा पाण्यात डोकं घातलं की आमचा नकार समजा. म्हणून थोरला मळेवाल्याकडे गेला. चार शब्द सुनावेल, दम देईल, एवढंच त्याच्या डोक्यात. "मी बघतो," मळेवाला म्हणाला होता. असं बघणार आहे हे त्याला काय ठाऊक?

तसं गावानं बघायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लांबच्या एका गावी विहीर ढासळून बेडूक ढिगाऱ्याखाली सापडला. तिथला एक म्हातारा गवंडी रात्रभर हातानं माती उकरत राहिला आणि उकरता उकरता प्रार्थना करत राहिला. तिथून बेडूक आला तो येशूचं नाव घेऊनच. आधी लोक हसले. मग चक्कीवाल्यानं त्याच्या बायकोचं दळण न दळता परत पाठवलं. न्हाव्यानं वस्तरा उचलला नाही, तेव्हापासून बेडूक दाढीवाला झाला. शेजारणीनं मधलं कुंपण हातभर उंच केलं. एवढं करूनही विहिरीचं काम निघालं की बोलावणं मात्र त्यालाच, कारण आठ परस, म्हणजे आठ पुरुष खोल उतरायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. गावाला बेडकाचे हात चालत होते, तोंड तेवढं चालत नव्हतं.

"मालक," खालून आवाज आला, "पाणी गुडघ्याला आलं. मस्करी पुरे."

"मस्करी करायला तू माझा मेहुणा लागतोस? सोडलं म्हण!"

"नाही म्हणत."

"मग पोह."

बातमी वाऱ्यासारखी गेली. शेतातले दहा-बारा जण गोळा झाले. कुणी वाकून बघे, कुणी लांबूनच विचारी, "म्हणाला का?" चक्कीवाला तर पिठाच्या हातानंच आला होता. त्यानं मळेवाल्याला शाबासकी दिली, "असंच पाहिजे. लातों के भूत बातों से नहीं मानते." ढोल्या दांड्याला टेकून घाम पुसत होता. थोरला खुंटीकडे बघत होता. खुंटी काय, हातभर लाकूड. एका हातानं निघणारी. पण मळेवाल्याच्या जमिनीवर त्याचं घर होतं, मळेवाल्याच्या शब्दावर मुलीचं लग्न होतं, आणि त्याचा हात काही उठत नव्हता. स्वतःचीच लाज वाटत होती त्याला, आणि लाजेपेक्षा राग जास्त येत होता. राग कुणाचा, तर खालच्याचा.

तो कठड्याशी बसला आणि आवाज खाली करून म्हणाला, "अरे, का जिवावर उठलायस? माझ्या पोरीचा तरी विचार कर. तोंडानं म्हणून टाक एकदा. मनात काय ठेवायचं ते ठेव. मनात कोण बघायला येतंय?"

"दादा, पाणी कमरेला लागलं रे."

"म्हणूनच सांगतोय ना! तोंडानं म्हण!"

"सकाळी मी बादलीत बसलो, तेव्हा तू काय म्हणालास? धरलंय, जा. तोंडानंच म्हणालास ना? मी काय तुझं मन उघडून बघितलं होतं? त्या तोंडच्या शब्दावर आठ परस खाली आलो मी."

थोरला उठून दोन पावलं मागे सरला.

तेवढ्यात त्यांची म्हातारी आई आली. चप्पल एकाच पायात, पदर वाऱ्यावर. ती सरळ मळेवाल्याच्या पायाशी गेली. त्यानं पाय मागे घेतला आणि बोटानं विहीर दाखवली. "मला नको सांगूस. तुझ्या लेकाला सांग. त्याच्या जिभेवर आहे सगळं."

म्हातारी कठड्यावर पालथी पडली. "म्हण रे माझ्या राजा! काय ते एकदा म्हण आणि वर ये! मी कधी काही मागितलं का तुझ्याजवळ?"

खाली बेडूक रडत असावा. त्याचा आवाज फाटला होता.

"आई, दुसरं काहीही माग. हे नाही गं मला जमणार. भीती वाटतेय मला, खोटं कशाला सांगू? पण ज्याला हो म्हटलंय त्याला नाही कसं म्हणू?"

"बघा!" मळेवाला ओरडला. "आईपेक्षा ह्याला तो परका मोठा! आईच्या तोंडावर नाही म्हणतोय! असला लेक बुडाला तर काय बिघडलं?"

पाणी छातीला आलं तेव्हा विहिरीच्या मधल्या अंगाचा मुरुमाचा एक थर सुटला. दोन-चार पाट्या माती धबकन खाली पडली आणि बेडूक ओरडला. ढोल्यानं "मेला, मेला!" म्हणत दांडा सोडला आणि पळत सुटला तो थेट बांधापर्यंत.

आणि थोरल्याचा हात उठला. कसा उठला ते त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही. त्यानं खुंटी उपसली. मळेवाल्यानं त्याचं मनगट धरलं.

"घर जाईल, लक्षात ठेव! पोरीचं लग्न जाईल!"

"हात काढा मालक," थोरला म्हणाला. "खाली माणूस आहे."

बादली भराभर खाली गेली. पण वर ओढायला एक माणूस पुरत नाही, दुसऱ्या दांड्याला जोडीदार हवा. थोरल्यानं गोळा झालेल्यांकडे पाहिलं. कुणी आकाशाकडे बघायला लागलं, चक्कीवाला हातावरचं पीठ झाडायला लागला. मग म्हातारी उठली, तिनं पदर कमरेला खोचला आणि दुसरा दांडा धरला. मायलेकांनी मिळून बेडकाला वर ओढला. एकेका फेऱ्याला म्हातारी कण्हत होती, पण दांडा काही सोडत नव्हती.

बेडूक कठड्यावर आला. कपाळावर खोक, ओठ निळे, दाढीत चिखल. म्हातारी त्याच्या गळ्यात पडली. थोरला जवळ गेला नाही.

"तुझ्या येशूसाठी नाही ओढला तुला," तो म्हणाला. "उद्या गेलास आणि पोरीचं लग्न मोडलं, तर तिला आणून तुझ्या दारात बसवीन. सांगून ठेवतो."

"बसव," बेडूक दात वाजवत म्हणाला. "आम्ही खाऊ त्यातलं तीही खाईल."

"नाटकं बंद करा!" मळेवाला म्हणाला. "चालते व्हा माझ्या मळ्यातून. ह्या विहिरीचं थेंबभर पाणी ह्याच्या घरात जाता कामा नये. सगळ्यांनी ऐकलं ना?"

सगळ्यांनी ऐकलं. आणि त्याच वेळी विहिरीत पुन्हा धबकन आवाज झाला.

बेडकानं मान वळवली. वीस वर्षांचा सराव, आवाजावरून त्याला कळायचं. "मुरूम भिजला," तो म्हणाला. "संध्याकाळच्या आत फळ्या लावून टेकू दिले नाहीत तर हे अंग सगळं खाली येईल. झरा बुजेल. मग विसरा पाणी."

मळेवाल्याचा चेहरा उतरला. मागं त्याचं सगळं पीक माना टाकून उभं होतं. तो गोळा झालेल्यांकडे वळला. "चला रे, कोण उतरतंय? पाच मिनिटांचं काम."

कुणी हललं नाही. "ढोल्या, ये इकडं!"

ढोल्या बांधावरूनच हात जोडत म्हणाला, "मालक, कामावरून काढून टाका. पण त्या रहाटावर मी उतरायचो नाही. आज ह्याच्यासाठी खुंटी घातली, उद्या माझी कुठली गोष्ट तुम्हाला खुपेल, मला काय माहीत?"

"मी कशाला घालीन रे तुला खुंटी?"

"ह्याला तरी घालाल असं कुठं वाटलं होतं?"

हे बोलणं सगळ्यांच्याच मनातलं होतं. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं हलवली. चक्कीवाल्याला तर चक्की चालू ठेवून आल्याची आठवण झाली आणि तो निघूनच गेला. खाली माणूस असताना दांडा अडवलेला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आता मळेवाल्यानं सोन्याची बादली टांगली असती तरी तीत कुणी बसलं नसतं.

मळेवाला बेडकाकडे न बघता थोरल्याला म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, उद्या पहाटे उतर म्हणावं."

"उद्या मी नदीवर," बेडूक म्हणाला. "आणि उद्यापर्यंत विहीर थांबत नाही. आत्ता उतरतो."

"वेडा झालास का?" म्हातारी किंचाळली. "आत्ता मरणातून आलास! कुणासाठी जातोस, ह्या कसायासाठी?"

"पाण्यासाठी गं. चार महिने खपलोय मी त्या खड्ड्यात. झऱ्यानं काय कुणाचं घोडं मारलंय?" मग तो थोरल्याकडे वळला. "पण दादा धरणार असेल तर. दुसऱ्या कुणाच्या हातावर मी जात नाही."

थोरल्याला एवढा वेळ रडू आलं नव्हतं, ते आता आलं. भरल्या घरातलं माणूस गेल्यावर येतं तसं आलं. घटकाभरापूर्वी ज्यानं खुंटी काढली नव्हती, त्याच्याच हातावर हा पुन्हा उतरतो म्हणत होता. त्यानं तोंड फिरवलं, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि दांडा धरला.

"आणि दुसरा दांडा?" मळेवाल्यानं विचारलं. म्हातारी खाली बसली होती, तिचे हात सोलपटले होते.

"तुम्ही," बेडूक म्हणाला.

"मी?"

"ज्यानं अडवला त्यानं ओढायचा. नाही तर चाललो मी घरी."

मळेवाल्यानं शिव्या दिल्या. बेडकाला दिल्या, येशूला दिल्या, थोरल्याच्या सात पिढ्यांना दिल्या. देता देता बाह्या वर सारल्या आणि दांड्याशी येऊन उभा राहिला. "पाणी तरीही मिळणार नाही तुला."

"मी तरीही नदीवर जाणार," बेडूक म्हणाला आणि फळ्या, टेकू घेऊन बादलीत बसला.

दोर ताठ झाला. रहाट करकरला. पाच-सहा फेऱ्यांतच मळेवाल्याचे मऊ तळवे सोलले, घाम डोळ्यांत उतरला. बादली मध्यावर मुरुमाच्या थरापाशी थांबवायची होती आणि फळ्या बसेपर्यंत दोघांनी दांडा तोलून धरायचा होता. खुंटी घालू का, असं मळेवाल्यानं विचारलं. थोरल्यानं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

खालून ठोकाठोकीचा आवाज आला. मग त्या ठोक्यांच्या मधून बेडकाचा आवाज. तो मोठमोठ्यानं प्रार्थना करत होता, जशी तो रोज तोंडातल्या तोंडात करायचा, फक्त आज विहीर घुमत होती. झऱ्यासाठी आभार मानले. आईसाठी मागितलं, दादाच्या पोरीसाठी मागितलं. मग म्हणाला, "प्रभू, आमच्या मालकाच्या हाताला बळ दे."

बांधावर कुणीतरी फिसकन हसलं.

"गप्प बसव त्याला!" मळेवाला दात-ओठ खात म्हणाला.

"तुम्हीच बसवा," थोरला म्हणाला. "मी सोडू दांडा?"

मळेवाल्याचे दोन्ही हात दांड्यावर होते, आणि खालून आणखी बराच वेळ सगळं स्वच्छ ऐकू येत राहिलं.