मागच्या खेपेपेक्षा बरे

दादांनी रुग्णालयाला सोडचिठ्ठी द्यायचं ठरवलं, तेव्हा रुग्णालयाला त्याची सुतराम कल्पना नव्हती. ठराव जेवणाच्या टेबलावर झाला आणि तो ऐकायला दोनच माणसं हजर होती: दादांची बायको आणि दादांची धाकटी बहीण.

दुकान रबरी मालाचं होतं. नळांचे वायसर, नळ्या, जोडांत बसवायच्या चकत्या, दारांच्या पट्ट्या. अर्ध्याहून अधिक माल एकट्या रुग्णालयात खपे. तिथे नळ अगणित होते आणि त्यांतला एखादा तरी कायम गळत असे. रुग्णालय पैसे चोख देई, पण फक्त संस्थेच्या कार्डावर. त्या कार्डावरच्या प्रत्येक विक्रीतून बँक आपला लचका आधी तोडून घेई आणि उरलेलं दादांच्या खात्यात सोडी.

"मी वायसर विकतो आणि बँक मला विकते," दादा म्हणाले. "या तिमाहीनंतर कार्डाचं मशीन खणात. रुग्णालयानं दुसरं दुकान बघावं."

"आणि आपण?" वहिनींनी विचारलं. "आपण दुसरं रुग्णालय बघायचं?"

बहीण एका प्रयोगशाळेत वस्तूंची मापं घेण्याचं काम करी: किती कठीण, किती ताणतं, कधी तुटतं. कुणी काहीही सांगितलं की "पुरावा काय?" असं विचारण्याची खोड तिला लहानपणापासून होती, म्हणून घरात तिचं नाव पुरावाबाई पडलं होतं. रुग्णालय गेलं तर दुकान वर्षभरही तग धरणार नाही, हे विधान मात्र तिला बिनपुराव्यानं पटलं. तिनं दादांकडून बँकेचं दरपत्रक मागून घेतलं. ते कुणीही वाचू नये अशा बेतानंच छापलेलं होतं, त्यामुळे तिनं ते पहिल्या पानापासून वाचलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात उगवली. "शुल्क कमी होतं," ती म्हणाली. "विक्रीबरोबर मालाचं वर्णन, नग, कर आणि गिऱ्हाइकाचा ऑर्डर नंबर पाठवला तर. नुसती रक्कम पाहून बँकेला कळत नाही की हे पैसे वायसरचे की विमानाच्या तिकिटाचे. आणि जे कळत नाही, त्याला ती जोखीम म्हणते."

"म्हणजे अज्ञान तिचं आणि भुर्दंड माझा?"

"अज्ञान तू पुरवतोस. वर्णनाच्या रकान्यात काय भरता तुम्ही?"

रकाना वहिनींच्या अखत्यारीत होता. गल्ल्याशेजारच्या संगणकावर त्याच बसत. "सामान," त्या म्हणाल्या.

"सगळ्यालाच?"

"सामानच विकतो ना आपण? हत्ती विकायला लागलो की हत्ती लिहीन."

"बँक कधी कुणाला काही सोडते का?" दादा म्हणाले.

"ते बघू. एक विक्री पूर्ण तपशिलासह, पुढची नेहमीसारखी. मग तुलना."

तुलना झाली. तपशील असलेल्या प्रत्येक विक्रीवर शुल्क कमी लागलं होतं आणि नसलेल्या प्रत्येकीवर जुनंच. दादांनी आकडे दोनदा वाचले. "योगायोग असेल," ते म्हणाले.

"हे वाक्य माझं आहे," पुरावाबाई म्हणाली, पण तिला मनापासून आनंद झाला. घरातलं दुसरं माणूस शंका घ्यायला शिकत होतं. पुढे तिनं महिनाभर शुल्काचा रकाना रोज तपासला. शुल्क कमीच राहिलं. मशीन खणात गेलं नाही, आणि दादा बँकेबद्दल इतकं बरं बोलू लागले की वहिनींना त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली.

एक गोष्ट मात्र पुरावाबाईनं तपासली नाही. परिणाम ज्या रकान्यात दिसत होता तो तिनं रोज वाचला. कारण ज्या रकान्यात होतं तो एकदाही नाही. प्रयोगशाळेतल्या कुणा नवख्या मुलीनं असं केलं असतं, तर तिनं तिला फैलावर घेतलं असतं.

त्या रकान्यात घडत होतं ते असं. रुग्णालय रोज पाऊण इंची वायसर नेई. वहिनी रोज "वायसर, पाऊण इंच" असं लिहीत. काही दिवसांनी बँकेच्या यंत्रणेनं ती ओळ नाकारली: तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत होते, सबब ती त्यांना भरताड समजली. वहिनींनी कुणाला न विचारता ओळीच्या शेवटी एक शेरा जोडला. ओळ स्वीकारली गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा शेरा जोडला. यंत्राला नवीन शब्द लागतात, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. आणि नवीन शब्दांचा वहिनींकडे कधीच तुटवडा नव्हता.

हे उघडकीस आलं ते रुग्णालयाचे खरेदी अधिकारी स्वतः दुकानात आले त्या दुपारी. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, आणि बसण्यापूर्वी खुर्ची निरखून पाहण्याची सवय. दादांची पाचावर धारण बसली. योगायोगानं पुरावाबाईची सुट्टी होती, म्हणून तीही आत बसली होती.

"अभिनंदन," अधिकारी म्हणाले. "वर्षभराच्या पुरवठ्याचा करार तुम्हाला देण्याचं समितीनं ठरवलं आहे. निविदेला दुसरं कुणी उतरलंच नाही."

"कुणीच नाही?" दादांचा विश्वास बसेना. त्यांनी निविदा न वाचताच नुसता दर भरून पाठवला होता. शहरात एक मोठी कंपनी होती. ती दादांपेक्षा स्वस्त माल देई आणि या करारावर कधीची टपून होती.

"त्यांनी लेखी कळवलं, की या वर्णनाचा माल त्यांच्याकडे नाही."

"कुठल्या वर्णनाचा?" पुरावाबाईनं विचारलं.

"तुमच्याच. आता कार्डाच्या नोंदींतून वस्तूंची वर्णनं थेट आमच्या खरेदी यंत्रणेत उतरतात. उत्तम सोय आहे. निविदेत आम्ही ती शब्दशः घेतली." अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि कोर्टात वाचावं तसं वाचू लागले. "रबरी पट्टी, दाराची, काळी, निमूट बसणारी."

वहिनी एकाएकी की-बोर्डवरची धूळ पुसू लागल्या.

"निमूट, म्हणजे दार लावताना आवाज होत नाही, असा अर्थ आम्ही घेतला. रुग्णालयात ते आवश्यकच आहे. समितीनं या शब्दाचं विशेष कौतुक केलं. पुढे: नळी, लवचीक, दिसते त्यापेक्षा लांब. ही काटकसरीच्या दृष्टीनं फार चांगली. चकती, गोल, कालच्या चकतीची सख्खी बहीण. म्हणजे मापात फरक नाही."

"वहिनी," पुरावाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"ते यंत्र रोज नवं काहीतरी मागतं, वन्सं," वहिनी तितक्याच दबक्या आवाजात म्हणाल्या. एरवी त्या तिला ताई म्हणत. कोंडीत सापडल्या की वन्सं. "तुम्हीच म्हणालात ना, तपशील द्या म्हणून?"

"आणि सर्वांत महत्त्वाचं," अधिकाऱ्यांचा आवाज चढला, "वायसर, पाऊण इंच, मागच्या खेपेपेक्षा बरे. करारात ही अट आहे. दर खेप मागच्या खेपेपेक्षा बरी असली पाहिजे. एखादी नसली, तर करार रद्द आणि पुरवठादाराचं नाव काळ्या यादीत."

दादांनी कराराचा कागद जवळ ओढला आणि खिशातलं पेन काढलं. पुरावाबाईनं पेनवर हात ठेवला. "आम्ही जरा आत बोलून येतो."

आत, नळ्यांच्या भेंडोळ्यांमध्ये, तिघं दाटीवाटीनं उभी राहिली.

"सही करतो," दादा म्हणाले. "एवढं ताट वाढून आलंय."

"दर खेप आधीपेक्षा बरी? किती खेपा? रबर सुधारून सुधारून किती सुधारेल? चौथ्या खेपेला आपण काळ्या यादीत."

"मग पहिली खेप मुद्दाम भिकार पाठवू. पुढे वाव राहील."

"दादा, तिथे माणसं झोपलेली असतात आजारी."

"बरं, मग जाऊन सांग, की ही माझ्या बायकोची करमणूक होती."

त्यातही अर्थ नव्हता, हे पुरावाबाईला कळत होतं. शब्द खोडले तर निविदा बाद, नवी निविदा निघणार, आणि ती मोठी कंपनी साधा, बोलका, दिसतो तेवढ्याच लांबीचा माल घेऊन हजर. शब्द ठेवले तर फास थोडा उशिरा बसणार, एवढंच. दोन्ही वाटांनी रुग्णालय जात होतं, आणि दोन्ही वाटा तिच्याच योजनेतून फुटल्या होत्या.

"तुम्ही ते ‘बरे’ कशावरून लिहिलंत?" तिनं वहिनींना विचारलं.

"सुचलं म्हणून. पण तशी मागची खेप खरंच टाकाऊ होती हो. बोटानं दाबली की चपटी, ती चपटीच."

"ती खेप कुठाय?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादांनी छताकडे पाहिलं.

"परत पाठवली म्हणाला होतास," पुरावाबाई म्हणाली.

"पाठवणार होतो. कारखानदार घेईना. म्हटलं, कुणीतरी गरजू भेटेल." त्यांनी पायानं एक गोणी पुढे सरकवली. ती जवळजवळ भरलेली होती.

पुरावाबाईनं गोणीतला एक वायसर काढून अंगठ्यानं दाबला. तो दबला आणि तसाच राहिला, जणू उभं राहण्यात त्याला काही स्वारस्यच नव्हतं. मग तिनं चालू खेपेतला एक दाबला. तो उसळून पूर्ववत झाला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला घरात कुणी हसू म्हटलं नसतं, पण वहिनी तिला ओळखून होत्या. "काहीतरी वाकडं सुचलंय," त्या दादांना म्हणाल्या.

ती बाहेर आली आणि अधिकाऱ्यांसमोर बसली. "साहेब, आधी खरं सांगते. ही वर्णनं आम्ही मोजून लिहिलेली नाहीत. बँकेच्या यंत्राला रोज नवे शब्द लागतात, म्हणून लिहिली."

अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. मग दाराकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं."

"मॅडम, समितीपुढे ‘निमूट’ या शब्दावर मी पाऊण तास बोललो आहे. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली आहे. आता जाऊन काय सांगू? एका बाईंना कंटाळा आला होता?"

"कंटाळा नव्हता आला," वहिनी मध्येच म्हणाल्या. "मजा येत होती."

"शब्द खोडायला नकोत," पुरावाबाई म्हणाली. "पण जे मोजता येत नाही त्याखाली माझा भाऊ सही करणार नाही. शब्द तुमचे, व्याख्या माझी. निमूट म्हणजे दार लावताना किती आवाजापर्यंत, ते यंत्रानं मोजू आणि लिहू."

"चालेल," अधिकारी घाईनं म्हणाले.

"सख्खी बहीण म्हणजे जाडीतला फरक किती चालेल, ते लिहू. दिसते त्यापेक्षा लांब..." ती थांबली. "ती कशी दिसते यावर अवलंबून आहे. ते आपण गुंडाळलेली असताना असं धरू."

"धरलं. आणि वायसर?"

"मागची खेप कुठली, हे करारात लिहिलेलंच नाही."

"मागची, म्हणजे... मागची."

"दर वेळी बदलणारी माप घ्यायची पट्टी कुठे असते का, साहेब? तुलना करायची तर ती एका ठरलेल्या वस्तूशी हवी. ‘मागची खेप’ म्हणजे ही." तिनं दादांना खूण केली. दादांनी गोणी ओढत आणली आणि अधिकाऱ्यांच्या बुटांपाशी ठेवली. "ही मोहोरबंद करून तुमच्या कपाटात ठेवायची. आमची दर खेप हिच्याशी ताडून बघायची, दोन्ही दाबून, किती उसळी येते ते मोजून. शिवाय किमान उसळीचा आकडाही लिहू, म्हणजे नुसतं हिच्यापेक्षा बरं असून भागणार नाही."

अधिकाऱ्यांनी गोणीतला एक वायसर उचलून दाबला. तो चपटाच राहिला. "याच्यापेक्षा वाईट काही असू शकतं?"

"माझ्या पाहण्यात नाही. पण तपासून सांगेन."

कराराच्या कागदाला व्याख्यांचं पान जोडायला संध्याकाळ झाली. अधिकारी इतके रंगले की "लवचीक" या निरुपद्रवी शब्दाचीही त्यांनी व्याख्या मागितली. अखेर दादांनी सही केली. अधिकाऱ्यांनी केली. मग अधिकारी गोणीकडे बोट दाखवून म्हणाले, "तुलनेचं हे प्रमाण आम्हाला रीतसर खरेदी करावं लागेल. फुकट वस्तू संस्थेच्या कपाटात ठेवता येत नाही."

दादांचा जबडा खाली आला. पुरावाबाईनं काही बोलायच्या आत त्यांनी भाव सांगून टाकला, आणि तो नव्या मालाचा होता.

"दादा!"

"प्रमाण आहे ते," दादा गंभीरपणे म्हणाले. "प्रमाणाला जास्त पडतात."

"निम्मा," ती म्हणाली, आणि अधिकाऱ्यांनी कार्ड काढलं.

वहिनींनी नग भरले, कर भरला, ऑर्डर नंबर भरला आणि रकान्यापाशी थांबून चष्मा वर केला. "बोला वन्सं, वर्णन काय घालू? माझ्या मनाचं घातलं तर पुन्हा निविदा निघेल."

पुरावाबाई पडद्याजवळ येऊन उभी राहिली. या रकान्याकडे ती आज पहिल्यांदाच नीट पाहत होती. "वायसर," तिनं सांगितलं, "पाऊण इंच, खात्रीनं वाईट."

ओळ स्वीकारली गेली. शुल्कही कमीच लागलं.

"खात्रीचा दाखला लागेल मला," अधिकारी कार्ड खिशात ठेवत म्हणाले. "मोजमापासह, तुमच्या सहीचा."

ती दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेतून तो घेऊन आली. तिनं आजवर सह्या केलेल्या प्रत्येक दाखल्याच्या तळाशी "मोजमापातली संभाव्य चूक" अशी एक ओळ असे. या दाखल्यावरही होती. तिच्यापुढे तिनं लिहिलं होतं: असली तरी वायसरांना तिचा उपयोग नाही.