टेबलाच्या अंगातलं विष

रविवारी सकाळी दहाच्या आत आलं नाही, तर व्यायामशाळेच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा मिळत नसे. खुर्च्या भरल्या की बायका भिंतीला टेकून उभ्या राहत, भिंती भरल्या की खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसत. मागच्या रांगेत काही पुरुषही असत. टक्कल टोपीखाली झाकून, आपण फक्त बायकोला सोडायला आलोय असा चेहरा करून ते बसलेले असत.

समोर पांढऱ्या सनमायक्याचं लांब टेबल. त्यावर काचेच्या बरण्या, पाण्याची दोन पातेली आणि स्वच्छ रुमालांची चळत. टेबलामागे लेपमाई. साठीची, गोरीगोमटी, चेहऱ्यावर सुरकुती नाही. बोलणं असं मऊ, की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत याचंच बरं वाटावं.

"माझ्याकडे औषध नाही गं लेकींनो," ती म्हणायची. "माझ्याकडे फक्त स्वयंपाकघर आहे. हळद, मध, साय, डाळीचं पीठ. केसांना कांद्याचा रस. जे पोटात चालतं ते गालावर का चालू नये? डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाही. सांगितलं तर त्याच्या दारात कोण बसेल?"

लोक हसायचे. मग माई एकीला पुढे बोलवायची. त्या दिवशी पोस्टातली कारकूनबाई उठली. माईनं तिच्या दोन्ही गालांवर पिवळाधमक लेप लावला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, डाव्या पातेल्यातला ओला रुमाल पिळून गालावरून हळूच फिरवला आणि उंच धरला.

रुमाल लाल झाला होता. रक्तासारखा.

सभागृहातून एकच सुस्कारा गेला.

"घाबरू नकोस, लेकी. हे रक्त नव्हे, रक्तात मुरलेलं विष आहे. क्रीमचं, साबणाचं, गोळ्यांचं. चुरचुरतंय ना?"

"हो माई. खूप."

"सुटतंय. सुटताना चुरचुरणारच."

मागच्या रांगेतल्या एका टोपीवाल्यानं विचारलं, "पण माई, विष लालच कशावरून?" माईनं त्यालाही प्रेमानं पुढे बोलावलं, तोच लेप लावला. फक्त रुमाल उजव्या पातेल्यातला घेतला. तो पिवळाच राहिला.

"बघा. मनात शंका असली की कातडीची दारं बंद होतात. विष आतच राहतं." टोपीवाला मान खाली घालून जागेवर गेला. त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही.

तिसऱ्या रांगेत बसलेली इस्त्रीवाली मात्र माईच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती रुमालाकडे बघत होती. बावीस वर्षं ती लॉन्ड्री चालवत होती, आणि कापडावरचा डाग दिसला की तिचं डोकं आपोआप चालू व्हायचं. रक्त असं दिसत नाही, तिला वाटलं. रक्त कापडात शिरतं तेव्हा कडेला काळपट होतं. हे तर वीटकरी लाल, सगळीकडे सारखं.

पण ती काही बोलली नाही. कारण शेजारी तिची धाकटी बहीण बसली होती, आणि थोड्याच वेळात माईनं त्या बहिणीलाच पुढे बोलावलं.

छोटी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचा, दांड्या कानामागे नीट करायच्या, आरसा समोर धरायचा, असं दिवसभर लोकांच्या चेहऱ्याला चेहरा लावून करायचं काम. दोन महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या गालावर एक गोल चट्टा उठला. कडेला लालसर, मधे कोरडा. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी सांगितलं, "नायटा आहे. बुरशीमुळे होतो. मलम आणि गोळ्या, सहा आठवडे. मधे सोडायचं नाही." छोटीनं दोन आठवडे औषध घेतलं. चट्टा फिका झाला, पण गेला नाही. तेवढ्यात कुणीतरी तिला माईकडे नेलं. माईनं औषध बंद करायला लावलं आणि बरणी हातात दिली. आठ दिवसांत गाल साफ! चट्टा नाही, खाज नाही, उलट कातडी काचेसारखी चमकायला लागली. माईनं तिचा फोटो काढून मोठा फलक केला आणि दारात लावला. आता दर रविवारी छोटी उठून सांगायची, "डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते, माईनं आठ दिवसांत केलं," आणि टाळ्या व्हायच्या.

छोटी अभिमानानं एवढी फुलली होती की माईचे रुमाल धुण्याचं कामही तिनंच ताईच्या लॉन्ड्रीला मिळवून दिलं. "एवढे रुमाल पडतात त्यांचे. घरचंच माणूस आहे म्हटलं, ताईकडे द्या."

सोमवारी माईचा मदतनीस, कोट घालणारा एक अबोल माणूस, पिशवी टाकून गेला. इस्त्रीवालीनं रुमाल टबात ओतण्याआधी एक लाल रुमाल हातात घेतला. अजून ओलसर होता. बोटांमध्ये चोळला तर बुळबुळीत लागला.

हा बुळबुळीतपणा तिच्या ओळखीचा होता. त्यानंच तर तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. धुण्याचा सोडा. पिवळा रुमाल चोळून बघितला, तो नुसता ओला. मग तिनं फडताळातून शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली काढली. पांढऱ्या कपड्यांत साबण राहू नये म्हणून शेवटच्या पाण्यात ती शिरका टाकत असे. लाल रुमालावर चार थेंब सोडले. जिथे थेंब पडला तिथे लाल रंग विरघळला आणि खालून पिवळा वर आला.

ती स्टुलावर बसून स्वतःशीच हसली. हळदीचा डाग पडलेला शर्ट साबणाच्या पाण्यात टाकला की लाल होतो, हे तिनं हजार वेळा बघितलं होतं. गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "बाई, रंग लागला का हो?" ती सांगायची, "नाही हो, हळद आहे, खळबळल्यावर जाईल." आणि कालच्या रविवारी आपणही त्याच लाल रंगापुढे तोंडाला कुलूप लावून बसलो! कपडा सोडून गाल आला, एवढ्यानं आपल्याला डाग ओळखता येईना?

संध्याकाळी तिनं छोटीला बोलावून सगळं करून दाखवलं. छोटीचा चेहरा लाल झाला, सोड्याशिवाय.

"ताई, तुला काय दाखवायचंय? मी खोटं बोलते?"

"तू नाही गं. ती बोलते."

"माझा गाल बरा झाला ना? तो पण सोड्यानं?"

इस्त्रीवालीनं शिरक्याची बाटली बंद केली. "ते मला माहीत नाही. पण एका गोष्टीत फसवणारी दुसऱ्या गोष्टीत खरं सांगेल, हे कशावरून?"

"तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," असं म्हणून छोटी गेली, आणि तीन आठवडे फिरकली नाही.

आली ती एका बुधवारी भरदुपारी, तोंडाला ओढणी गुंडाळून. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली, ओढणी बाजूला सारली. एका चट्ट्याच्या जागी आता गालभर, हनुवटीवर, मानेपर्यंत वेडेवाकडे लाल पट्टे पसरले होते. मधे बारीक पुटकुळ्या, आणि कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या.

"माई म्हणते विष बाहेर येतंय. दुप्पट लेप लाव म्हणाली. मी लावला, ताई." छोटीनं ओढणी पुन्हा वर ओढली. "आज एका बाईला चष्मा लावायला वाकले, तर तिनं तोंड मागे घेतलं. मालक म्हणाले, थोडे दिवस आत बसून काचा पूस."

ताईनं 'मी सांगत होते' असं म्हटलं नाही. तिनं दुकानाचं शटर ओढलं, छोटीच्या पर्समधली बरणी बघितली, आणि दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून गाल बघितला, थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली. "नायटाच आहे, पण बिथरलेला. आठ दिवसांत साफ झाला, कातडी चमकायला लागली, लावायचं थांबवलं की दुप्पट खाज. असंच ना?"

छोटीनं मान हलवली.

"या लेपात नुसती हळद नाही. यात बहुतेक कडक स्टेरॉइडचं मलम कालवलंय. त्यानं लाली आणि खाज दबते, रंग उजळल्यासारखा दिसतो. पण बुरशी मरत नाही. उलट कातडीची लढायची ताकद कमी होते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. बरणी ठेवून जा, तपासायला पाठवते. अहवाल येईपर्यंत मी 'बहुतेक'च म्हणेन."

"माझा गाल पहिल्यासारखा होईल?"

"नायटा नक्की जाईल. कातडी सावरायला महिने लागतील. आणि हो, हळद, मध, साय यांच्याशी माझं भांडण नाही. कोरड्या हाताला साय लावा, केसांना तेल लावा, कोण नको म्हणतंय? पण स्वयंपाकघरातलं म्हणून निरुपद्रवी असं नसतं. मिरचीही तिथलीच. लिंबू चोळून उन्हात गेलेल्या पोळलेल्या गालांचे चार पेशंट महिन्याला येतात माझ्याकडे."

बाहेर आल्यावर छोटी जिन्यातच थांबली. "ताई, माझा फलक बघून किती जणी माईकडे गेल्या असतील?"

रविवारी दोघी पहिल्या रांगेत बसल्या. माईनं लेप कालवला आणि विचारलं, "आज कोण?" तशी इस्त्रीवाली उठली.

माईनं तिच्या गालावर लेप लावला. हात हलवताना लेपाचे दोनतीन गोळे टेबलावर पडले. माई डाव्या पातेल्यात हात घालणार, एवढ्यात इस्त्रीवाली म्हणाली, "माई, मी माझा रुमाल आणलाय. साध्या पाण्यात भिजवलेला. यानं पुसा."

"अगं लेकी, रुमालात काय आहे?"

"काहीच नसेल तर माझाही चालेल की."

लोक हसले. माईला नाही म्हणता येईना. तिनं पुसलं. रुमाल पिवळा निघाला.

"हिच्या मनात शंका आहे!" माईनं रुमाल उंच धरला. "म्हणून दारं बंद!"

"आहेच माझ्या मनात शंका," इस्त्रीवाली म्हणाली. एवढ्या माणसांसमोर ती जन्मात कधी बोलली नव्हती. "पण या टेबलाच्या मनात काय आहे ते बघू." आणि कोटवाला पुढे यायच्या आत तिनं डाव्या पातेल्यातला रुमाल काढला, टेबलावर सांडलेला लेप खसकन पुसला आणि रुमाल सगळ्यांसमोर धरला.

लालभडक.

पुढच्या रांगेतल्या माना पुढे झुकल्या.

"टेबलाच्या अंगातही विष आहे का हो, माई? सनमायक्यानं कुठल्या गोळ्या खाल्ल्या?"

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. तो टोपीवाला होता. पण सगळेच हसले नाहीत. एक आजी ओरडल्या, "खाली बस! चार माणसांचं भलं होतंय ते बघवत नाही?" कोटवाल्यानं इस्त्रीवालीचा दंड धरला. माई शांतपणे म्हणाली, "लॉन्ड्रीवाली आहे ती. तिला चेहऱ्यातलं काय कळतं?"

"चेहऱ्यातलं नाही कळत. डागातलं कळतं." तिनं शिरक्याची बाटली रुमालावर उपडी केली. लाल रंग सगळ्यांच्या देखत पिवळा झाला. "धुण्याचा सोडा आहे त्या पाण्यात. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. कुणाच्याही घरी होईल. माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरी जा आणि करून बघा."

"आणि चुरचुरतो तो सोडा," छोटी म्हणाली. ती केव्हाच उठली होती. तिनं ओढणी काढली आणि लोकांकडे वळली. पुढच्या रांगेतल्या बायका दचकून मागे सरल्या. "दारातल्या फलकावर आहे ती मीच. मी तुम्हाला चार रविवार सांगितलं, आठ दिवसांत बरी झाले म्हणून. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. हे त्याच्या पुढचं बघा. आणि ज्यांनी माझं ऐकून औषध सोडलंय, त्यांनी उद्याच डॉक्टरकडे जा. हात जोडते."

हसणं थांबलं. पोस्टातल्या कारकूनबाईचा हात नकळत आपल्या गालाकडे गेला. ती उठली, टेबलाजवळ आली, स्वतः रुमाल बुडवला आणि उरलेला लेप पुसून बघितला. लाल. मग दुसरी आली, मग तिसरी. तेवढ्या गडबडीत माई आणि कोटवाला मागच्या दारानं निघून गेले, पातेली तशीच ठेवून.

दहा दिवसांनी बरणीचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंचं 'बहुतेक' खरं ठरलं. त्यांनी अहवालासह तक्रार दिली, छोटीनं तिच्याखाली सही केली. माईचा शोध अजून चालू आहे. दुसऱ्या गावात ती दुसऱ्या नावानं केसांचं तेल विकते असंही ऐकू येतं. छोटीचा नायटा गेला. गालावरच्या बारीक शिरा अजून दिसतात. ती परत काउंटरवर उभी राहते, आणि कुणी विचारलंच तर सगळं सांगते, काही न लपवता.

त्या दिवसांत लॉन्ड्रीत कपड्यांपेक्षा चौकशाच जास्त यायच्या. एकदा सभागृहात ओरडलेल्या त्या आजीच आल्या. म्हणाल्या, "आम्ही एवढ्या जणी होतो गं. एकीलाही कसं कळलं नाही?"

इस्त्रीवाली इस्त्री फिरवत म्हणाली, "आजी, कळत होतं. गाल चुरचुरत होता, तो प्रत्येकीला कळत होता. आपण आपल्या गालाचं ऐकलं नाही, तिचं ऐकलं. मी तर बावीस वर्षं हळदीचे डाग धुतेय, आणि पहिल्या दिवशी मीही गप्प बसले."

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. लेप कुणी घरगुती म्हणेल, कुणी दैवी म्हणेल. आधी विचारा की यात काय आहे, आणि ते कशानं कळलं. खरं औषध या प्रश्नानं बिघडत नाही. आणि तुमच्या शंकेमुळेच गुण येत नाही असं जो सांगतो, त्याच्यासमोरच शंका घ्या. मोठ्यानं, चारचौघांत, उभं राहून.